पैनगंगेकाठचे हिमयुग आणि दक्षिण ध्रुवाकडे गेलेले भूवैज्ञानिक

यवतमाळ जिल्ह्याचा बहुतेक भाग दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकाने व्यापलेला असला, तरी जिल्ह्याच्या पूर्व-आग्नेय टोकाला, म्हणजे वर्धा आणि पैनगंगा या दोन नद्यांच्या बेचक्यात वसलेल्या वणी तालुक्यात आणि त्याला लागून असलेल्या झरी-जामणीच्या मुलखात, हे आवरण विरळ होत जाते आणि त्याखालचे कितीतरी जुने खडक उघडे पडतात. मुकुटबन-राजूर परिसरातील चुनखडक आणि राजूर-उकणी पट्ट्यातील कोळसा हे त्यांपैकी सर्वांच्या परिचयाचे आहेत, कारण पहिल्यावर चुन्याच्या भट्ट्या आणि सिमेंटचे कारखाने चालतात व दुसऱ्यावर गेली शंभरहून अधिक वर्षे खाणी चालत आल्या आहेत. या दोहोंच्या मधला, म्हणजे चुनखडकाच्या वर आणि कोळशाच्या थरांच्या खाली येणारा एक हिरवट-करडा थर मात्र बाजारात कवडीमोलाचा ठरला आणि जिल्ह्याच्या इतिहासात त्याचा उल्लेख अपवादानेच झाला. बारीक गाळात लहानमोठे धोंडे विखुरलेले असावेत अशी त्याची रचना असून भूविज्ञानात तो तालचीर शैलसमूहाचा धोंडथर म्हणून ओळखला जातो. हा थर हिमनद्यांनी आणून टाकलेला आहे आणि त्याच्या अभ्यासाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आंतरराष्ट्रीय परिषदांना आणि ध्रुवीय मोहिमांना जे खाद्य पुरवले, ते पाहता वर्धा-पैनगंगेच्या या संगमभूमीला ध्रुवीय विज्ञानाच्या इतिहासात मानाचे स्थान द्यावे लागते.

१८५३च्या करारानुसार वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आल्यानंतर आजचा यवतमाळ जिल्हा वणीच्या नावावरून ‘वूण’ जिल्हा म्हणून ओळखला जात असे आणि १९०५ पर्यंत ते नाव टिकले. पूर्वेला वर्धा नदी ओलांडली की मध्य प्रांताचा चांदा जिल्हा आणि दक्षिणेला पैनगंगा ओलांडली की निजामाचे राज्य, अशी ही तीन हद्दींची भूमी होती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला आणि इंजिनांसाठी जवळचा कोळसा शोधणे ही सरकारची तातडीची गरज झाली. त्यामुळे १८५१ मध्ये थॉमस ओल्डहॅम यांच्या प्रमुखत्वाखाली सुरू झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने वर्धा खोऱ्याकडे लक्ष वळवले, वरोऱ्याला १८७१ मध्ये खाणकाम सुरू झाले आणि नदीच्या पश्चिमेला वणी तालुक्यातही कोळशाचा माग घेण्यात आला. हिमयुगाचा शोध घेण्यासाठी या भागात कोणीही आले नव्हते. कोळसा किती खोल आहे आणि त्याचा तळ कोठे लागतो हे ठरवण्यासाठी कोळशाखालचा थर ओळखणे आवश्यक होते, आणि त्या कामाच्या ओघातच सर्वेक्षकांची नजर धोंडथरावर पडली.

या थराचे कोडे ओडिशातील तालचेर येथे आधीच समोर आले होते. १८५६ मध्ये विल्यम व हेन्री ब्लॅनफर्ड हे बंधू आणि विल्यम थिओबाल्ड यांनी तेथील कोळसाक्षेत्राची पाहणी केली, तेव्हा अत्यंत बारीक गाळात मोठमोठे धोंडे रुतलेले त्यांना आढळले. वाहत्या पाण्याचा नियम असा की जो प्रवाह मोठा धोंडा ढकलू शकतो तो बारीक गाळ जागेवर ठेवत नाही आणि ज्या संथ पाण्यात बारीक गाळ बसतो त्यात धोंडा हलवण्याची ताकद नसते. दोन्ही एकत्र सापडतात तेव्हा धोंडे दुसऱ्या कोणत्यातरी वाहनाने आणलेले असले पाहिजेत आणि ते वाहन बर्फ असावे, असे अनुमान या तिघांनी मांडले. उष्ण कटिबंधात, समुद्रसपाटीपासून फारशा उंचीवर नसलेल्या प्रदेशात बर्फ होते हे विधान त्या काळी धाडसाचे होते आणि निव्वळ थराच्या रचनेवरून ते सर्वांना पटण्यासारखे नव्हते.

सर्वांना पटेल असा पुरावा वर्धा-पैनगंगेच्या खोऱ्याने दिला. चंद्रपूरपासून सुमारे दहा मैलांवर, पैनगंगेच्या परिसरातील इरई या गावाजवळ सर्वेक्षण खात्याचे फ्रान्सिस फेडन यांना धोंडथराखालचा चुनखडक उघडा पडलेला दिसला आणि त्या चुनखडकाचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत झालेला व समांतर ओरखड्यांनी आणि खाचांनी भरलेला होता. वरच्या थरातील काही धोंड्यांच्या बाजूही तशाच घासलेल्या व ओरखडलेल्या होत्या. अशा पृष्ठभागाला रेखित शिलापृष्ठ म्हणतात. हिमनदी म्हणजे स्वतःच्या भाराने सरकणारे बर्फाचे जाड अंग असून तिच्या तळाशी अडकलेले दगड खालच्या खडकावर कानशीप्रमाणे घासले जातात, त्यामुळे खडक एकाच वेळी गुळगुळीतही होतो आणि त्यावर एका दिशेच्या रेषाही उमटतात. नदीने वाहून आणलेले गोटे चोहोबाजूंनी गोल होतात, त्यांवर सपाट घासलेले पैलू आणि सरळ ओरखडे सहसा येत नाहीत. फेडन यांचे टिपण सर्वेक्षण खात्याच्या नियतकालिकात १८७५ मध्ये प्रसिद्ध झाले. उष्ण कटिबंधातील भारतात तालचीर काळी ‘भूहिम’, म्हणजे जलाशयांच्या तळाशी गोठणारे बर्फ, असल्याचा पुरावा अशा सावध शब्दांत त्याचे शीर्षक होते. शीर्षकात हिमनदीचे नाव घेण्याचे फेडन यांनी टाळले असले, तरी घासलेला तळखडक आणि त्यावर बसलेले घासलेले धोंडे ही जोडी एकाच ठिकाणी दाखवून त्यांनी वादाचे स्वरूप बदलून टाकले. पुढे जवळजवळ नव्वद वर्षांनी, १९६३ मध्ये, ए. जे. स्मिथ यांनी याच स्थळाचा तपशीलवार पुनरभ्यास करून तेथील पुरावा हिमनदीचाच असल्याचे प्रसिद्ध केले.

कोळशाच्या नोंदींचा एक उपविषय म्हणून छापलेल्या या काही पानांच्या टिपणाला जे महत्त्व आले, त्याचे कारण दक्षिण गोलार्धात आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियात आल्फ्रेड सेल्विन यांना १८५९ मध्येच घासलेले खडक दिसले होते आणि दक्षिण आफ्रिकेतील ड्वायका थरातही तसेच धोंडे होते. शिवाय या सर्व ठिकाणी धोंडथराच्या वर कोळसा आणि कोळशाबरोबर जिभेच्या आकाराची, मधोमध ठळक शीर व तिच्या दोन्ही बाजूंना जाळीदार शिरा असलेली पाने सापडत. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ आदोल्फ ब्रोंन्यार यांनी १८२८ मध्ये भारतीय आणि ऑस्ट्रेलियन नमुन्यांवरून या वनस्पतीच्या प्रजातीला ग्लोसोप्टेरिस हे नाव दिले होते. नागपूरला मिशनरी म्हणून आलेले आणि खडकांचा व्यासंग करणारे स्टीफन हिस्लॉप यांनी कामठी-सिलेवाडा परिसरातून हीच पाने गोळा करून विलायतेला पाठवली होती आणि त्यांचे वर्णन चार्ल्स बनबरी यांनी १८६१ मध्ये प्रसिद्ध केले होते. धोंडथर, कोळसा आणि ग्लोसोप्टेरिस हा क्रम ज्या थरमालिकेत येतो तिला हेन्री मेडलिकॉट यांनी १८७२ च्या सुमारास गोंडांच्या जुन्या राज्यावरून ‘गोंडवन’ असे नाव दिले, ओटोकार फाइस्टमांटेल यांनी १८७६ मध्ये ते छापील केले आणि १८८५ मध्ये व्हिएन्नाचे एडुआर्ट झ्यूस यांनी दक्षिणेकडील प्राचीन महाखंडालाच ‘गोंडवनभूमी’ म्हटले. केळापूर, मारेगाव, झरी-जामणी या तालुक्यांत आजही गोंडी बोलणारी गावे आहेत. ज्या समाजाच्या नावाने अंटार्क्टिकापासून ब्राझीलपर्यंतचे खडक जगभरच्या ग्रंथांत ओळखले जातात, त्या समाजाच्या मुलांना ही गोष्ट शालेय पुस्तकातून ठळकपणे सांगितली जायला हवी होती.

एका बाजूला असा भक्कम पुरावा आणि दुसऱ्या बाजूला त्याचे स्पष्टीकरण देण्यातील असमर्थता, अशी विसाव्या शतकाच्या आरंभी भूविज्ञानाची स्थिती होती. खंड आज आहेत तेथेच पूर्वापार होते असे धरले, तर भारत, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका यांवर एकाच काळी हिमस्तर कसा पसरला याचा मेळ लागत नव्हता. जर्मन भूवैज्ञानिक एर्न्स्ट कोकेन यांनी १९०७ मध्ये तत्कालीन दक्षिण ध्रुव हिंदी महासागराच्या मध्यभागी ठेवून पाहिला, पण ध्रुव तेथे ठेवला की दक्षिण अमेरिका विषुववृत्ताजवळ जाई आणि तेथील हिमपुरावे निराधार होत. अशा वेळी निर्णय ग्रंथालयात होणे शक्य नव्हते. निरनिराळ्या खंडांवरचे धोंडथर एकाच माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे, ते एकमेकांशी ताडून पाहणे आणि ती तुलना इतर देशांच्या अभ्यासकांपुढे मांडणे आवश्यक होते.

हे काम अंगावर घेणाऱ्यांत सिडनी विद्यापीठाचे प्राध्यापक एजवर्थ डेव्हिड अग्रभागी होते आणि त्यांचा मार्ग फेडन यांच्यासारखाच कोळशातून हिमयुगाकडे वळलेला होता. वेल्समध्ये जन्मलेले डेव्हिड न्यू साउथ वेल्सच्या सर्वेक्षण खात्यात नोकरीला लागले आणि १८८६ मध्ये हंटर खोऱ्यातील ग्रेटा हा मोठा कोळसाथर त्यांनी शोधला. या कोळशाच्या आसपास हिमनदीचे पुरावे आढळल्याने प्राचीन हवामान हा त्यांचा आयुष्यभराचा विषय झाला. १९०६ मध्ये मेक्सिको शहरात आंतरराष्ट्रीय भूवैज्ञानिक परिषदेचे दहावे अधिवेशन भरणार होते. १८७८ मध्ये पॅरिसला सुरू झालेली ही परिषद दर काही वर्षांनी वेगवेगळ्या देशांत भरते, तेथे निबंध वाचले जातात, थरांच्या नावांबाबत व कालखंडांबाबत एकमत घडवले जाते आणि यजमान देशातील महत्त्वाची स्थळे पाहण्यासाठी अभ्याससहली निघतात. मेक्सिकोच्या अधिवेशनात भूतकाळातील हवामान हा चर्चेचा एक विषय होता आणि डेव्हिड यांना निरनिराळ्या भूवैज्ञानिक काळांतील हवामानावर, विशेषतः हिमयुगांच्या संदर्भात, निबंध सादर करायचा होता.

सिडनीहून मेक्सिकोला जाण्यासाठी पॅसिफिक महासागर ओलांडणे हा सरळ मार्ग होता. डेव्हिड यांनी पश्चिमेकडून, भारत आणि युरोपमार्गे जाण्याचा लांबचा रस्ता निवडला आणि वाटेत भारतातील प्राचीन हिमक्रियेचे पुरावे अभ्यासले. त्याच प्रवासात त्यांनी एप्रिल १९०६ च्या प्रचंड उद्रेकानंतरचा व्हेसुव्हियस पाहिला आणि पुढे अमेरिकेत भूकंपाने उद्ध्वस्त झालेले सॅन फ्रान्सिस्कोही पाहिले. परिषदेसाठी केलेल्या या एका प्रवासात गोंडवनातील हिम, इटलीतील ज्वालामुखी आणि कॅलिफोर्नियातील भूकंप या तीन वेगवेगळ्या विषयांचे प्रत्यक्ष दर्शन त्यांना झाले. त्या काळच्या अभ्यासकाच्या दृष्टीने प्रवास हीच प्रयोगशाळा होती आणि परिषदेतील निबंधाला वजन यायचे ते अशा दर्शनामुळे. आजच्या काळात दोन दिवसांत विमानाने जाऊन परतणाऱ्या प्रतिनिधींना त्या दीर्घ प्रवासाची किंमत कळणे कठीण आहे.

मेक्सिकोहून परतल्यावर वर्षभरातच डेव्हिड यांच्यापुढे दक्षिण ध्रुवाची वाट उघडली. अर्नेस्ट शॅकल्टन यांची ‘निमरॉड’ मोहीम निघत होती आणि तिला पैशाची चणचण होती. डेव्हिड यांनी खटपट करून ऑस्ट्रेलियाच्या सरकारकडून पाच हजार पौंड मिळवून दिले आणि स्वतःही जहाजावर चढले. १ जानेवारी १९०८ रोजी न्यूझीलंडच्या लिटलटन बंदरातून निमरॉड निघाले तेव्हा ते पन्नाशीला टेकले होते. आरंभी त्यांचा बेत काही काळापुरताच जाऊन परत येण्याचा होता, पण ते वैज्ञानिक तुकडीचे प्रमुख म्हणून तेथेच राहिले. मार्च १९०८ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखालील तुकडीने एरेबस या जागृत ज्वालामुखीचे शिखर प्रथमच गाठले, आणि १६ जानेवारी १९०९ रोजी डग्लस मॉसन व अ‍ॅलिस्टर मॅके यांच्यासह ते दक्षिण चुंबकीय ध्रुवाच्या क्षेत्रात पोहोचले. चुंबकीय ध्रुव म्हणजे ज्या ठिकाणी लोंबती चुंबकसूची अगदी उभी राहते ते स्थान असून ते भौगोलिक ध्रुवापासून वेगळे असते आणि वर्षानुवर्षे सरकत राहते. कुत्रे किंवा तट्टे नसताना स्वतः घसरगाड्या ओढत या तिघांनी जाऊन-येऊन सुमारे दोन हजार किलोमीटरची वाट तुडवली. भारतात तीस कोटी वर्षांपूर्वीच्या हिमाच्या नुसत्या खुणा पाहून आलेल्या माणसाला आता हिमस्तराचे प्रत्यक्ष काम पाहता आले, बर्फाच्या पोटात रुतलेले दगड पाहता आले, आणि या दोन दर्शनांमधले अंतर अवघे दोन वर्षांचे होते. ध्रुवीय मोहिमांचे इतिहास शौर्याच्या अंगाने लिहिले जातात, त्यामुळे डेव्हिड यांच्या प्रवासातील भारताचा टप्पा त्यांत दोन ओळींतच उरकला जातो. तो टप्पा वगळला तर इतक्या वयाचा प्राध्यापक घसरगाडीला का जुंपून घेतो याचे निम्मे उत्तरच हाती राहते.

त्याच मोहिमेत शॅकल्टन यांची दक्षिणेकडे गेलेली तुकडी बिअर्डमोर हिमनदी चढत असताना डिसेंबर १९०८ मध्ये फ्रँक वाइल्ड यांना माउंट बकली या पर्वतावर कोळशाचे थर दिसले. ध्रुवापासून काहीशे किलोमीटरवर कोळसा सापडतो याचा अर्थ तेथे कधीकाळी दाट वनस्पती होती. ती वनस्पती कोणती, हे समजायला आणखी काही वर्षे जावी लागली. रॉबर्ट स्कॉट आणि त्यांचे सहकारी ध्रुवावरून परतताना ८ फेब्रुवारी १९१२ रोजी याच पर्वताजवळ थांबले आणि एडवर्ड विल्सन यांनी वनस्पतींचे ठसे असलेले दगड गोळा केले. पुढे अन्न आणि इंधन संपत आले, तरी सुमारे पस्तीस पौंडांचे, म्हणजे सोळा किलोंचे, हे नमुने त्यांनी टाकले नाहीत आणि नोव्हेंबर १९१२ मध्ये शोधपथकाला त्यांच्या मृतदेहांजवळ ते दगड मिळाले. केंब्रिजचे आल्बर्ट चार्ल्स सिवर्ड यांनी त्यांचा अभ्यास करून १९१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला, तो असा की ही पाने ग्लोसोप्टेरिस इंडिका या जातीची आहेत. या जातीच्या नावातच भारत आहे आणि ग्लोसोप्टेरिसची ही पाने दामोदर, महानदी आणि वर्धा खोऱ्यांतील कोळशाच्या थरांची ओळख मानली जातात. वणीच्या कोळशातील झाडे आणि ध्रुवानजीकच्या कोळशातील झाडे एकाच वनसृष्टीतली होती, हे यामुळे हातातल्या दगडावरून सिद्ध झाले.

याच काळात केंब्रिजमध्ये सिवर्ड यांच्या हाताखाली बिरबल साहनी नावाचा पंजाबातून आलेला विद्यार्थी शिकत होता. अंटार्क्टिकातील पानांचा उलगडा करणाऱ्या गुरूबरोबर साहनी यांनी भारतातील गोंडवनी वनस्पतींची फेरतपासणी केली आणि दोघांच्या नावे तो ग्रंथ १९२० मध्ये निघाला. तोपर्यंत भारतातील खडकांविषयी भारतीय माणूस आंतरराष्ट्रीय पातळीवर फारसा बोलत नव्हता. सर्वेक्षण खात्यात प्रमथनाथ बोस १८८० मध्ये वरच्या श्रेणीत दाखल झाले खरे, पण खात्याच्या प्रमुखपदी पहिला भारतीय, एम. एस. कृष्णन, १९५१ मध्येच आला. वर्धा खोऱ्यात फिरणाऱ्या सर्वेक्षकांना नदीकाठच्या वाटा दाखवणारे, त्यांचे सामान बैलगाड्यांतून नेणारे आणि खड्डे खणणारे लोक या भागातलेच असणार, परंतु अहवालांत त्यांची नावे लिहिण्याची रीत नव्हती. साहनी यांच्या पिढीने ही स्थिती पालटायला सुरुवात केली. १९३० ची केंब्रिजची आणि १९३५ ची अ‍ॅमस्टरडॅमची आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषद या दोन्हींत पुरावनस्पतिविज्ञानाच्या, म्हणजे जीवाश्मरूपातील वनस्पतींच्या अभ्यासाच्या, विभागाचे उपाध्यक्षपद त्यांच्याकडे होते.

पुरावे एकत्र येत असताना त्यांना बांधणारा विचार एका ध्रुवीय प्रवाशानेच मांडला. आल्फ्रेड वेगेनर हे हवामानशास्त्रज्ञ १९०६ ते १९०८ या काळात डॅनिश मोहिमेबरोबर ग्रीनलंडमध्ये होते, १९१२ च्या जानेवारीत त्यांनी फ्रँकफुर्टला खंडवहनाची कल्पना, म्हणजे खंड एकेकाळी एकत्र होते आणि नंतर सरकत दूर गेले हा सिद्धान्त, जाहीरपणे मांडला आणि त्याच वर्षी ते पुन्हा ग्रीनलंडला गेले. त्यांच्या १९१५ च्या ग्रंथात व पुढील आवृत्त्यांत, तसेच १९२४ मध्ये सासरे व्लादिमिर क्योपेन यांच्यासह लिहिलेल्या प्राचीन हवामानावरील पुस्तकात, गोंडवनातील हिमक्रिया हा सर्वांत बळकट पुरावा म्हणून येतो. भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका दक्षिण ध्रुवाभोवती एकत्र ठेवले की विखुरलेले धोंडथर एकाच हिमस्तराच्या आवाक्यात येतात आणि कोकेन यांची अडचण नाहीशी होते. १९३० च्या नोव्हेंबरमध्ये वेगेनर ग्रीनलंडच्या बर्फावरच मरण पावले आणि त्यांच्या सिद्धान्ताला पाश्चात्त्य विद्यापीठांत बराच काळ मान्यता मिळाली नाही. भारत, दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया येथील भूवैज्ञानिकांना तो तुलनेने लवकर जवळचा वाटला, कारण त्यांच्या रोजच्या कामातले खडकच त्याची साक्ष देत होते.

खंडवहनाला पुढे मिळालेल्या मान्यतेत यवतमाळच्या दुसऱ्या खडकाचा, म्हणजे दख्खनच्या बेसाल्टचा, वाटाही मोठा आहे. लाव्हा थंड होताना त्यातील लोहखनिजांचे कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या दिशेने रांग धरतात आणि ती दिशा खडकात कायम राहते, त्यामुळे खडक थिजला तेव्हा तो कोणत्या अक्षांशावर होता हे ठरवता येते. या अभ्यासाला पुराचुंबकत्व म्हणतात. १९५० च्या दशकात ब्रिटिश संशोधकांनी दख्खनच्या नमुन्यांचे मापन केले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे व सी. राधाकृष्णमूर्ती यांनी हे काम हाती घेतले. १९५९ मध्ये ई. आर. डॉइच यांच्यासह त्यांचा दख्खनच्या पुराचुंबकत्वावरील निबंध प्रसिद्ध झाला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा ओतला गेला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेस होता, हे या मापनांतून निघाले. धोंडथर आणि त्यावरचा बेसाल्ट हे एकाच जिल्ह्यातले दोन खडक भारताच्या उत्तरेकडील प्रवासाचे दोन टप्पे सांगतात.

स्वातंत्र्यानंतर प्रवासाची दिशा उलटी झाली. डिसेंबर १९६४ मध्ये आंतरराष्ट्रीय भूवैज्ञानिक परिषदेचे बाविसावे अधिवेशन दाराशॉ नोशेरवाँ वाडिया यांच्या अध्यक्षतेखाली नवी दिल्लीत भरले. आशियातले ते पहिलेच अधिवेशन होते. गोंडवनासाठी स्वतंत्र परिसंवादांची मालिका १९६७ मध्ये अर्जेंटिनातील मार देल प्लाता येथे सुरू झाली आणि तिचे चौथे सत्र १९७७ मध्ये कोलकात्याला झाले. ज्या महाखंडाचे नाव मध्य भारतातून गेले, त्याविषयी बोलण्यासाठी जगभरचे अभ्यासक आता भारतात येत होते आणि भारतीय अभ्यासक दक्षिणेकडील खंडांवर जात होते.

अंटार्क्टिकावर पाय ठेवणे मात्र बाकी होते. ६ डिसेंबर १९८१ रोजी सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली एकवीस जणांची पहिली भारतीय मोहीम गोव्याच्या मुरगाव बंदरातून ‘पोलर सर्कल’ या नॉर्वेजियन जहाजाने निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी तेथे पोहोचली. इरईचा पुरावा नोंदवणाऱ्या सर्वेक्षण खात्याचे लोक पहिल्या मोहिमेपासूनच या कामात होते आणि दुसऱ्या मोहिमेचे नेतृत्व त्याच खात्यातील हिमनदीतज्ज्ञ व्ही. के. रैना यांनी केले. हर्ष गुप्ता यांच्या नेतृत्वाखालील तिसऱ्या मोहिमेने १९८३-८४ मध्ये ‘दक्षिण गंगोत्री’ हे पहिले भारतीय केंद्र उभारले. या मोहिमेत प्रथमच दोन भारतीय महिला शास्त्रज्ञ होत्या, यादवपूर विद्यापीठाच्या भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता आणि सागरविज्ञानाच्या अभ्यासक अदिती पंत. पंत यांचा जन्म नागपूरचा. औंध संस्थानच्या घराण्यातील मुत्सद्दी अप्पासाहेब पंत यांच्या त्या कन्या, पुण्यात शिकून हवाई व लंडन येथे उच्च अध्ययन केलेल्या आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम करणाऱ्या. अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रातील सूक्ष्म वनस्पतींचे जीवन हा त्यांच्या कामाचा विषय होता. ज्या विदर्भात परदेशी सर्वेक्षकांनी शतकापूर्वी हिमाच्या खुणा शोधल्या, तेथे जन्मलेली स्त्री संशोधक म्हणून हिमखंडावर गेली, ही घटना या इतिहासात ठळकपणे नोंदवली पाहिजे.

१९८३ मध्ये भारत अंटार्क्टिक करारात सामील झाला, १९८९ मध्ये शिरमाखर मरूद्यानात ‘मैत्री’ हे केंद्र सुरू झाले आणि २०१२ मध्ये लार्समन टेकड्यांवर ‘भारती’ कार्यान्वित झाले. ही शेवटची जागा निवडताना गोंडवनाचा इतिहासच विचारात होता, कारण महानदीचे खचखोरे आणि अंटार्क्टिकातील लँबर्ट हिमनदीचे खचखोरे पूर्वी सलग असावे असे मानले जाते. खचखोरे म्हणजे दोन समांतर भेगांमधला भाग खाली बसून तयार झालेली लांबट दरी, आणि भारतातील गोंडवनी कोळसा बहुतांशी अशाच दऱ्यांत साठलेला आहे, वर्धा खोऱ्याचा कोळसाही त्यांत आला. लँबर्टच्या बाजूला रॅडॉक सरोवराजवळ कोळसा आणि ग्लोसोप्टेरिस दोन्ही सापडतात. शिरमाखरच्या परिसरात बर्फ मागे हटल्याने उघड्या पडलेल्या खडकांवर हिमाने घासून आणलेला गुळगुळीतपणा आणि ओरखडे दिसतात, तर हिमस्तराच्या कडेशी सर्व आकारांच्या दगडमातीचे न निवडलेले ढीग पडलेले असतात. तालचीर धोंडथर कसा घडला हे समजण्यासाठी फेडन यांना तर्क करावा लागला होता, त्यांच्या खात्याच्या नंतरच्या पिढ्यांनी ती क्रिया चालू असताना पाहिली.

२०२० च्या मार्चमध्ये आंतरराष्ट्रीय भूवैज्ञानिक परिषदेचे छत्तिसावे अधिवेशन पुन्हा दिल्लीत ठरले होते, ते कोविडच्या साथीमुळे पुढे गेले आणि मार्च २०२२ मध्ये आटोपशीर स्वरूपात पार पडले. वणी तालुक्यात या दरम्यान कोळशाचे काम वाढतच गेले आहे. उकणी, निळजई, मुंगोली, कोलारपिंपरी, जुनाड, घोन्सा येथे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणी असून खुल्या खाणींत कोळशापर्यंत पोहोचण्यासाठी वरचा वालुकाश्म आणि मृदाश्म काढून बाजूला ढिगाऱ्यांवर टाकला जातो. ज्या जातीच्या पानांचे दगड स्कॉट यांच्या तुकडीने अखेरपर्यंत ओढत नेले, तशा पानांचे ठसे या मृदाश्मांत असू शकतात, आणि ढिगाऱ्यांवर ऊन-पावसात तो खडक काही वर्षांत भुगा होतो. खाण पुढे सरकण्याआधी महाविद्यालयांच्या अभ्यासगटांना तेथून नमुने घेऊ देण्याची नियमित व्यवस्था झाली, तर त्यासाठी लागणारा खर्च कोळशाच्या व्यवहारात जाणवणारही नाही. कोळशाचा साठा मोजण्यासाठी भोके पाडताना यंत्रातून खडकाचे जे दंडगोल, म्हणजे ‘कोअर’, वर येतात त्यांत कोळशाचे थर संपून हिरवट-करड्या गाळात रुतलेले धोंडे दिसू लागले की तालचीर लागले असे नोंदवहीत लिहिले जाते आणि त्याखाली कोळसा नसल्यामुळे ते भोक तेथेच थांबवले जाते.